चादरीवरच्या मोराची मान

या ग्रुपवर मला ओळखणारे बरेच जण आहेत, आणि त्यातले निम्मे तरी माझ्यावर चिडून असतील. कुणी लिहिलं की बंद खोलीत पावलं वाजली, तर खाली 'लाकूड थंडीत आकसतं, त्याचा आवाज' अशी कमेंट टाकणारा तो मीच. कुणाला आजोळच्या मळ्यात दिवा दिसला, तर लगेच दलदलीतला वायू काढणाराही मीच. सोलापुरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, गेल्या वर्षी रिटायर झालो, पण खोड काही गेली नाही. तेव्हा आज मीच अनुभव लिहायला बसलोय हे पाहून ज्यांना वचपा काढायचाय त्यांनी खुशाल काढा. माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही... पण जे झालं ते झालं, आणि ते माझ्या मांडीवरच्या पिशवीत झालं.

आधी माणसं सांगतो. आम्ही तिघं मित्र – मी, राजेशम आणि दत्ता. अकरावीपर्यंत एका बाकावर. दत्ता वैरागचा, शिकायला सोलापुरात मामाकडे राहिलेला. राजेशम पूर्व भागातला, विणकरांच्या तेलुगू घरातला. त्यांच्या घरात खाली चार मागांचा छोटा कारखाना आणि वर दोन खोल्या. शाळा सुटली की आम्ही तिघं तिथेच. राजेशमची आई आम्हाला चहा द्यायची, घरात तेलुगू चालायचं, आमच्याशी मराठी, आणि माग अडला की शिव्या दोन्हीतून.

त्याचे वडील म्हणजे नरसय्या काका. सोलापुरात चादरी विणणारे हजार होते, पण नक्षी काढणारे थोडे, आणि त्यात काकांचं नाव होतं. नक्षी चादरीवर कशी येते हे नवख्यांसाठी सांगतो (मास्तर आहे, राहवत नाही). आधी ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवून चित्र काढायचं. मग त्या चौकोनांप्रमाणे पुठ्ठ्याच्या लांब पत्त्यांवर भोकं पाडायची. एक पत्ता म्हणजे चादरीतली आडवी एक ओळ. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. असे शेकडो पत्ते नंबराप्रमाणे दोरीत ओवून माळ करायची आणि ती मागावर चढवायची. माग बिचारा पत्ता सांगेल तसं विणत जातो. पत्ता चुकला की चादर चुकली.

अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत काकांचा एक मोर काढून पूर्ण झाला. तीन महिने त्यावर बसले होते. नेमकं तेव्हाच त्यांना तेलंगणात नात्यातल्या लग्नाला जावं लागलं, चार दिवस. जाताना आम्हा तिघांना कामं वाटून दिली. मी पत्त्यांवर नंबर तपासून गठ्ठे लावायचे, दत्तानं ओवायचे, आणि पहिली चादर उतरली की राजेशमनं ती उन्हात पूर्ण पसरून डोळ्यांखालून घालायची. ठीक असली तरच पुढं माग चालू ठेवायचा. कारागीर होतेच, पण ही नक्षी त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

काका परत आले त्या सकाळी चादरींची ऑर्डर दिलेला व्यापारी त्यांच्या आधी येऊन बसला होता. त्यानं गठ्ठा उघडला आणि चादर सगळ्यांसमोर फडकवली. मोर सुंदर होता... पण मानेवर बोटभर रुंदीचा पट्टा उलटासुलटा झालेला. डोकं एकीकडे, धड एकीकडे. चार दिवसांत विणलेल्या प्रत्येक चादरीवर तसंच.

"नरसय्या, डोळे गेले का तुझे?" व्यापारी म्हणाला.

काकांनी चादर हातात घेतली, बघितली आणि खाली बसले. गेले काही महिने त्यांना बारीक दिसत नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी वाद घातला नाही. दुपारी पत्त्यांची ती माळ स्वतः उतरवली आणि आंघोळीच्या बंबात घातली. एकही पत्ता उलटून पाहिला नाही.

त्यानंतर त्यांनी कधीही नक्षी काढली नाही. माग एकेक करत गेले, काका दुसऱ्याच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागले. आमच्यात गणितात सगळ्यात पुढं असलेला राजेशम अकरावी अर्धवट टाकून चुलत्याबरोबर भिवंडीला गेला. मी मास्तर झालो, दत्ता शेती आणि खताच्या दुकानात अडकला. त्या फसलेल्या चादरी नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत वाटल्या गेल्या, त्यातली एक काकांनी मला दिली होती. "घे रा, थंडीत पांघर. मान तुटली म्हणून ऊब कमी होत न्हाई," म्हणाले. मी ती बेचाळीस वर्षं पांघरली. थंडीत झोपताना अंगठा आपोआप त्या मानेवर जायचा, तिथे विणीत जरा खरखर लागायची. बायको दर दिवाळीला ती बोहारणीला द्यायला काढायची आणि मी दर वर्षी परत कपाटात ठेवायचो. का, ते तिला कधी सांगितलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या वर्षी राजेशम भिवंडीचं सगळं आवरून सोलापूरला परत आला. आई गेलेली, काका शहाऐंशीचे, काचबिंदूनं नजर जवळजवळ गेलेली. त्यानं कुठूनतरी माझा नंबर मिळवला. फोनवर पहिलं वाक्य, "काय करलालास बे मास्तर, जिवंत हाईस का?" मला रडू फुटलं, हे इथे कबूल करायला हरकत नाही. मग दत्ताला शोधला, तिघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, आणि जानेवारीत, संक्रांत होऊन सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू असताना, दत्तानं हुरडा खायला वैरागला बोलावलं.

रविवार होता. भर दुपारी शेताच्या बांधावर दत्तानं गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजून हातावर चोळून देत होता. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. तिघांची पोटं सुटलेली, दोघांना शुगर, आणि गुळाच्या खड्यावरून भांडणं चालू. बायका शेजारच्या मळ्यात बोरं वेचायला गेल्या होत्या. इतका सुखाचा दिवस गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता.

बोलता बोलता राजेशम वडिलांबद्दल म्हणाला, "नायना अजून त्या मोराचंच काढत बसतात बे. कोण बी घरी आला की सांगतात, माझ्या नजरेनं घात केला. माझ्यामुळं पोराची शाळा सुटली म्हणतात. परवा डॉक्टरला बी तेच सांगितलं. डॉक्टरनं नाडी बघितली आणि मोराची गोष्ट ऐकून घेतली."

दत्ता हसला. मला हसू आलं नाही. हातातलं कणीस खाली ठेवलं. बेचाळीस वर्षं हे वाक्य तोंडात तयार होतं, पण बाहेर पडलं ते अगदीच मास्तरी.

"काकांची चूक नव्हती. माझी होती."

आणि मग सगळं सांगितलं. गठ्ठे लावताना माझ्या हातून चहा सांडला. आठ पत्ते भिजून फुगले, मागावर चालण्यासारखे उरले नाहीत. सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून आठ नवे पत्ते केले, भिजलेल्या पत्त्यांवरून पेन्सिलीनं भोकांच्या खुणा केल्या. घाईत पत्ते पालथे धरले होते. त्यामुळे भोकं सगळी उलटी आली... डावीकडची उजवीकडे. आणि त्यावर नंबर टाकायचे राहिले.

दत्ता तोंड उघडं टाकून ऐकत होता. "आरं... म्हंजी ते बिननंबरी पत्ते तुझं व्हतं व्हय? मला वाटलं नंबर पुसला आसंल. मी इचारलंच न्हाय. कुटला कुटं जातोय ते बघितलं न्हाय, आपला अंदाजानं ओवून टाकलं. मी तर आजवर समजत व्हतो माझ्यामुळंच मान मोडली. लगीन ठरल्यावर बायकूला सांगितलेलं पयलं पाप हेच हाय."

राजेशम उठला आणि विहिरीकडे चालू लागला. आम्ही मागे गेलो नाही. काय तोंडानं जाणार? त्याच्या पाठीकडे बघत बसलो. दहा-पंधरा मिनिटांनी तो परत आला, माझ्यासमोर उभा राहिला.

"तुझ्यामुळं मी शाळा सोडली बे सुध्या."

"हो," मी म्हणालो.

"भिवंडीत पत्र्याच्या खोलीत चौदा जण झोपत होतो. मला वाटायचं सुध्या आता कॉलेजात असंल." तो जरा थांबला, मग धपकन खाली बसला. "पण पहिली चादर बघायचं काम माझं होतं. नायनानी दहादा सांगितलेलं. बघितली का मी? तुमच्यासंगट मॅटिनीला गेलो की! आल्यावर कारागीर म्हणाला, बघ रे, मी म्हटलं, बघितलं, मस्त हाय, चालू दे. नायनाला काय सांगितलं माहिताय? मी बघितली तवा ठीक होती."

आगटीतला एक गोवरीचा तुकडा दत्तानं उगाचच काडीनं हलवला. एका माणसाच्या आयुष्याची वाट लावायला तिघं लागले होते आणि तिघांनीही आपापला वाटा एकट्यानंच उचलला होता. मला लाज वाटत होती, पण खरं सांगतो, छातीवरून काहीतरी उतरलंही होतं. मग दत्ताच म्हणाला, "म्हातारा हाय तवर सांगू या की. फुडल्या ऐतवारी." राजेशम आढेवेढे घेत होता, या वयात त्यांना धक्का बसला तर... पण शेवटी तोच म्हणाला, "ते स्वतःला दोष देतच वारले, तर मला ते जास्त अवघड जाईल."

त्यानंच विचारलं, त्यातली चादर कुणाकडे उरलीय का? दत्ताच्या आईनं त्यांच्याकडच्या चादरीचं कधीच फाडून पोतेरं केलं होतं. राजेशमच्या घरात काकांनी एकही ठेवू दिली नव्हती. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत वाळत घालायच्या दोरीवर ती पसरून फोटो काढला आणि आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला. राजेशमचा रिप्लाय आला – "तीच मान." दत्तानं नुसते हात जोडले.

आता इथून पुढं नीट वाचा.

पुढचा रविवार. सकाळी नऊला मी चादर कपाटातून काढली. एका कोपऱ्यात परटाची काळी खूण, जवळच डासांच्या कॉइलनं जळालेलं भोक आणि त्यावर बायकोनं हिरव्या दोऱ्यानं मारलेलं ठिगळ. घडी घालायच्या आधी सवयीनं मानेवर अंगठा फिरवला. खरखर होती. डोळ्यांनीही पाहिली. कापडी पिशवीत घातली. दत्ता वैरागहून मोटरसायकलवर माझ्याकडे आला होता, त्याच्या मागे बसून मी पूर्व भागात गेलो. पिशवी पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होती. वाटेत कुठं थांबलो नाही.

राजेशमच्या घरी खालची मागाची जागा आता मंडपवाल्याला खुर्च्या ठेवायला दिलेली. वरच्या खोलीत पूर्वेकडच्या दारातून ऊन आत आलेलं, त्या उन्हात काका खाटेवर बसले होते. पांढरी लुंगी, बंडी, अंगानं वाळलेले, पण पाठ ताठ. साडेदहा वाजले असतील. सुजाता वहिनींनी, म्हणजे राजेशमच्या बायकोनं, उप्पीट आणि चहा आणून ठेवला.

"कोण रा? मास्तर का? आवाज तसाच हाय तुझा, चिरका," काका म्हणाले. दत्ताच्या पोटाला हात लावून पाहिला. "ह्यो दत्ता! वैरागची सगळी ज्वारी तूच खाल्लास काय रा?"

हसणं झालं. मग कुणीच सुरुवात करेना. शेवटी मी खाटेसमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. चहा, कॅलेंडरचा पुठ्ठा, पालथे पत्ते. माझ्यामागोमाग दत्तानं आपलं सांगितलं. राजेशम शेवटी बोलला, तेलुगूत, त्यामुळे मला शब्द कळले नाहीत. वहिनी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

काकांनी चहाची कपबशी चाचपून खाली ठेवली. मला वाटलं, आता ऐकवतील. मी तयार होतो.

"पोरं होतात तुमी," ते म्हणाले. "चहा सांडतो रा. हात हाय, सांडतो. मला का न्हाई सांगितला? मी आठ पत्ते एका दुपारी करून दिलो असतो." मग आवाज खाली आला. "पण माझं बी हाय. मी ते पत्ते बघितलो न्हाई. हातात होते, एकदा उलटून बघितलो असतो तर कळलं असतं, हे माझ्या हातचं भोक न्हाई. बघायची भ्या वाटली. वाटलं, बघितलो आणि माझीच चूक निघाली तर? म्हणून बंबात घातलो. राजेशमच्या अम्माला बी हे कधी बोललो न्हाई."

राजेशमनं त्यांचा हात धरला.

मग काका म्हणाले, "चादर आणलाय म्हणतोस. दे हिकडं."

मी पिशवीतून काढून त्यांच्या मांडीवर पसरली. त्यांना दिसत नव्हतं, पण बोटं... त्या बोटांना मी आयुष्यभर विसरणार नाही. काठापासून सुरुवात केली. मोराच्या पायापासून वर सरकत, ओठांतल्या ओठांत मोजत, सात उचल, तीन सोड, पाच उचल. तीन महिने ज्यावर घालवले ती नक्षी बेचाळीस वर्षांनी त्यांना तोंडपाठ होती. पाय, पंख, छाती... मान... आणि बोटं न थांबता थेट तुऱ्यावर गेली.

मी मनात म्हटलं, संपलं. नजर गेली तशी आता बोटंही गेली. ज्यासाठी आलो ते त्यांना कळतच नाही.

ते परत छातीवर आले. परत मान, परत तुरा. "कुटं हाय रा चूक?"

"नायना, हितं..." राजेशमनं त्यांचं बोट धरलं, मानेवर न्यायला वाकला आणि तिथेच थांबला. मग माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मी पुढे झालो. मान सलग होती. छातीतून वर वळत, एकही ओळ न मोडता, थेट तुऱ्यापर्यंत. जशी काकांनी काढली असेल तशी.

पहिला विचार आला, दुसरीच चादर आणली. कोपरा उलटला. परटाची खूण. जळालेलं भोक. हिरवं ठिगळ. दत्तानं ती उचलून दारात उजेडाला धरली, मागची बाजू पाहिली. या चादरींना उलटीकडून तीच नक्षी उलट्या रंगात दिसते, तिथेही मान सरळ. "आयला," तो एवढंच म्हणाला. वहिनींनी हात लावून पाहिला आणि तेलुगूत देवाचं नाव घेतलं. मी मोबाईल काढला. ग्रुपवरचा सोमवारचा फोटो उघडला, झूम केला. फोटोत परटाची खूण होती, हिरवं ठिगळ होतं, आणि मान तुटलेली होती. तिघांच्या मोबाईलवर तेच. फोटोत चूक आहे, चादरीत नाही.

आम्ही तिघं घामाघूम झालो होतो. काका मात्र निवांत. त्यांना राजेशमनं सांगितलं, नायना, ही त्याच लॉटमधली आहे, आत्तापर्यंत चूक होती. त्यांनी मान हलवली, जणू कुणी सांगत होतं की नळाला पाणी आलंय.

"मी मोजून काढलेला मोर रा त्यो," ते म्हणाले. "त्यात चूक कुटनं येईल?" आणि उप्पीट गार झालं म्हणून वहिनींना हाक मारली. त्या दिवशी त्यांनी दोन वाट्या उप्पीट खाल्लं, असं वहिनी नंतर फोनवर दहा वेळा तरी सांगत होत्या.

आता माझ्यासारखे कमेंट करणारे येतील, म्हणून मीच सगळं तपासून ठेवलंय. शाळेच्या प्रयोगशाळेतून भिंग आणून काकांच्या घरी नेलं. मानेच्या जागी रफू केल्याची, धागा ओढल्याची कसलीही खूण नाही, आणि बोटभर रुंदीची वीण चादरभर रफू करणारा माणूस कुणी पाहिला असेल तर मला कळवा. कपाटात तशी दुसरी चादर कधीच नव्हती, बायको साक्षीला आहे – ती तर ही एक तरी का ठेवून घेतली म्हणून भांडत आली. माझ्या बहिणीकडे अक्कलकोटला त्याच गठ्ठ्यातली एक निघाली, तिला व्हिडिओ कॉलवर उलगडायला लावली. तिच्या मोराची मान तुटलेलीच आहे, आजही. धुतल्यानं आखडून ओळी जुळल्या म्हणावं, तर एका आठवड्यात ती धुतलीच नव्हती. आम्हा तिघांना एकदम भास झाला म्हणावं, तर वहिनी होत्या, नंतर माझी बायको आणि दोन जुने कारागीर येऊन बघून गेले. कारागीर म्हणाले, काम नरसय्यांचंच. फोटो कुणी एडिट केला म्हणावं, तर तो मीच काढला होता आणि मला फोटो सरळही काढता येत नाही. माझ्याकडे उत्तर नाही. एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो की 'माहीत नाही' हेही शास्त्रीय उत्तर आहे, ते आता मला स्वतःला लिहून द्यावं लागतंय.

आणि विचित्र म्हणजे मला भीती वाटत नाही. शांत वाटतं. चादर मी काकांकडेच ठेवून आलो.

दोन दिवसांनी राजेशमचा फोन. "नायना ग्राफपेपर मागतात बे. म्हणतात, डोक्यात एक नक्षी हाय, बसून उतरवून घ्या. मला चौकोन भरायला जमंना, तू ये की." तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी तिथे जातो. काका खाटेवर बसून सांगतात, मी पेन्सिलीनं चौकोन भरतो. पोपटांची जोडी आहे म्हणे, अजून शेपट्यांपर्यंतच आलोय. राजेशमनं ओळखीच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवलाय. विणली जाईल की नाही, देव जाणे. घाई कुणालाच नाही. चार वाजता चहा येतो, तो मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पितो.

परवाच्या गुरुवारी भरलेली ओळ मी त्यांना वाचून दाखवत होतो. "नऊ उचल, दोन सोड, सहा उचल..."

"थांब," काका म्हणाले. "मागं जा. दोन न्हाई, तीन सोड हाय."

मी वर पाहिलं. मघाशी त्यांनी तीनच सांगितलं होतं, आणि एक चौकोन मी खरंच गाळला होता. बघायला डोळे माझ्याकडे होते. म्हटलं, चुकलं काका.

ते इतके खूश झाले की आवाज पार खालच्या मंडपवाल्यापर्यंत गेला असेल. "ऐकलास का रा राजेशम? ही चूक मास्तरची हाय! माझी न्हाई!"

"व्हय नायना, तुमची न्हाई," आतून राजेशम ओरडला.

काका हसत राहिले. मी खोडरबर शोधत होतो, पण डोळे भरून आले होते, सापडेना.